संगमरवराला लागला केळीचा चीक

आमच्या कॉलनीत संगमरवराचा ओटा घालणारा पहिला माणूस मी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. पण माहिती सांगतानाही छाती जरा पुढं येते, त्याला माझा इलाज नाही. एकोणनव्वद सालची ही गोष्ट. तेव्हा जळगावात ज्याला त्याला स्वयंपाकघरात कडप्पा घालायचा असे. काळा, गुळगुळीत, सांडलेलं पोटात घालणारा कडप्पा. शहाणी माणसं डाग न दाखवणाराच दगड निवडतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं हा शहाणपणा मला सुचला नाही.

खरं म्हणजे या सगळ्याला माझे साडू जबाबदार आहेत. शालिग्रामराव धुळ्याला पाटबंधारे खात्यात उपअभियंता. त्यांच्या घरी पाहुणा गेला की त्याला पाणी देण्याआधी ते स्वयंपाकघरात नेतात आणि कडप्प्याच्या ओट्यावर थाप मारतात. "लीलाधरराव, हात ठेवा. अहो, ठेवा तर! गार लागतं ना? तोरणमाळ आहे, तोरणमाळ!" मी दरवर्षी हात ठेवतो आणि दरवर्षी "वा!" म्हणतो. साडूच्या ओट्याला वा म्हणणं किती अवघड असतं, ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

दरवर्षी, कारण दर आखाजीला आम्ही धुळ्याला जात असू. बाहेरच्या लोकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त वाटतो. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला लेक आली नाही तर एक वेळ चालतं, आखाजीला तिनं माहेरी आलंच पाहिजे. झाडाला झोका बांधायचा, आंब्याचा रस नि पुरणपोळी खायची आणि कामाला हात लावायचा नाही, असा कायदाच आहे. माझी बायको प्रमिला यावलची. तिच्या वडिलांची, आबांची, केळीची बाग होती. मुलगा नाही, दोन मुलीच. आई-आबा गेले, बाग गेली, आणि प्रमिलेचं माहेर म्हणजे धुळ्याची थोरली बहीण सुगंधाक्का, असं ठरून गेलं. अक्कानंही ते इतकं मनापासून निभावलं, की प्रमिलेला चार दिवसांत साधं भांडं विसळू दिलं नाही.

आदल्या वर्षी आखाजीहून आम्ही एसटीनं परतत होतो. एरंडोल आलं तशी प्रमिला म्हणाली, "अहो, अक्काला कोण माहेरी नेतं?"

मी पेंगत होतो. म्हणालो, "त्या तर मोठ्या आहेत."

"मोठ्या बाईला माहेर लागत नाही का?"

माझी पेंग उडाली. प्रमिला म्हणाली, "पुढच्या आखाजीला ती आपल्याकडं येणार. माहेरपणाला. तिनं कशालाही हात लावायचा नाही. मी जमिनीवर बसून स्टोव्हला पंप मारताना दिसले, की ती पदर खोचून शेजारी येऊन बसेल आणि पोळ्या लाटायला घेईल, मला माहीत आहे. मला उभ्याचा ओटा हवा. साधा कडप्पा पुरे."

इथं मी "बरं" म्हटलं असतं तर ही कथा झाली नसती. पण माझ्या तळहाताला अजून तोरणमाळचा गारवा लागलेला होता. मी ताठ बसलो आणि पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागं वळून पाहावं अशा आवाजात म्हणालो, "कडप्पा? तुझ्या घरी संगमरवर घालीन!"

प्रमिलेनं घरी पोचल्यावर अक्काला कार्ड टाकून ही बातमी कळवूनही टाकली. बायको आपल्या शब्दावर इतका विश्वास ठेवते हे पाहून मला अभिमान वाटला. जरा धास्तीही वाटली.

बातमी कॉलनीत पसरायला कार्ड लागलं नाही. शेजारचे तोतारामनाना तलाठी म्हणून निवृत्त झालेले आहेत. अजूनही कुणाच्या घरात गेले की आधी भिंतींवरून नजर फिरवून मोजणी करतात. ते म्हणाले, "पांढरा दगड देवळात शोभतो, मास्तर. हळद सांडली तर काय कराल?" समोरच्या वच्छलाबाईंना रंगाचं काही नव्हतं, त्यांना उंचीची काळजी. त्या स्वतः बुटक्या. त्यांनी प्रमिलेला भिंतीशी उभं करून तिच्या कोपराशी खडूची खूण केली, मग शेजारी स्वतः उभ्या राहून आणखी खाली एक खूण केली आणि म्हणाल्या, "मधल्या मापानं करा, म्हणजे मलाही पापड लाटायला येता येईल." माझा ओटा कॉलनीच्या मालकीचा व्हायला तिथूनच सुरुवात झाली. कुणी म्हणे तोंड पूर्वेला हवं. पूर्वेला आमच्याकडं संडासाची भिंत येते, तेव्हा त्यावर पुष्कळ चर्चा झाली.

दगड आणायचा कुठून, हा प्रश्न मात्र माझ्या मावसभावानं, सावद्याच्या रुपचंदभाऊनं, चुटकीसरशी सोडवला. रुपचंदभाऊ केळीचा व्यापारी. "अरे लीलाधर, त्याच्यात काय हाये? आपल्या गाड्या दिल्लीले केयी भरून जाता अन रिकाम्या येता. येताना राजस्थानातून तुह्या दगड टाकून आनतील. धनसिंग डायवर मोठा हुशार मानूस हाये, अंड्यावानी आनीन."

धनसिंगनं खरोखरच दगड अंड्यासारखा आणला. दोन गाद्यांमध्ये ठेवून. आपल्या झोपायच्या गादीवर दगड झोपवून तो स्वतः फळकुटावर झोपला, असं त्यानं मला नंतर सांगितलं. शेकडो कोस दूरचा दगड सावद्यापर्यंत निष्कलंक आला. पुढं जे झालं ते आपल्या माणसांनी प्रेमानं केलं.

निरोप मिळताच मी सावद्याला गेलो. आखाजी तोंडावर आलेली, केळीची कापणी जोरात. रुपचंदभाऊच्या आवारात मजूर डोक्यावर घड घेऊन पळत होते. मध्यभागी केळीच्या हिरव्यागार पानांचा ढीग होता. "तुह्या दगड," रुपचंदभाऊ त्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणाला. "ऊन लागू देल्लं नाही त्याले. खाली पानं, वर पानं. रोज सकायी नवी कापून टाकली."

सावद्याच्या माणसाला नाजूक वस्तू जपायची एकच रीत ठाऊक. केळी जपतात तशी. मी पानं बाजूला केली. खाली पांढराशुभ्र संगमरवर! वर थोडं पाणी साचल्यासारखं दिसत होतं, ते मी रुमालानं पुसलं. काही मजुरांनी गुळगुळीत जागा पाहून त्यावर कापलेले घडही टेकवले होते, पण ओरखडा म्हणून नव्हता. माझं मन भरून आलं. इतकंच नव्हे, टेम्पोत घालताना दगडाला हादरे बसू नयेत म्हणून मी स्वतः पुढाकार घेऊन केळीच्या खांबाची ओली, जाडजूड सालं सोलवून घेतली आणि दगड त्यांत चांगला गुंडाळून सुतळीनं बांधला. रुपचंदभाऊ म्हणाला, "मास्तर असून डोकं हाये तुले."

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. डाग मागाहून उमटतो, आणि उमटला की कापड फाटेल पण डाग जाणार नाही. हे यावल-सावद्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते आम्हाला कपड्यांबाबत माहीत होतं. दगडाबाबत कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आमच्या भागात केळीखाली संगमरवर यापूर्वी कुणी घातला नव्हता.

तरी टेम्पो तडक घरी आला असता तर थोडक्यात निभावलं असतं. पण वाटेत जकात नाका होता. टेम्पोवाला नथ्थू जन्मभर एकच माल वाहत आलेला. नाक्यावरच्या कारकुनानं "काय आहे?" विचारताच त्यानं सवयीनं सांगितलं, "केळी."

कारकून बाहेर आला. माझाच जुना विद्यार्थी, पंडित. "नमस्कार सर! पण सर, केळी जळगावातून बाहेर जातात. जळगावात केळी आणतंय कोण?" त्यानं साल उचकटून पाहिलं. आत दगड. वरून केळी, आतून संगमरवर! पंडितच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता मी वर्गात कधी पाहिली नव्हती ती त्या दिवशी पाहिली.

"सर, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट ना?"

"शाबास!" मी म्हणालो.

"तेवढं एकच लक्षात राहिलंय, सर. पण असा लपवून आणलेला माल मोठे साहेब स्वतः पाहतात. साहेब लग्नाला गेलेत, उद्या येतील."

मी म्हटलं, अरे, लपवलेला नाही, जपलेला आहे. पंडित म्हणाला, सर, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. बरोबरच होतं त्याचं. टेम्पो नाक्यावर उन्हात उभा राहिला आणि आतला दगड दुसऱ्या दिवसापर्यंत ओल्या सालांत छान मुरला. साहेब आले, त्यांनी माझ्याकडं एकदा, दगडाकडं एकदा पाहिलं आणि घरचा ओटा करायला माणूस इतके कष्ट घेईल यावर विश्वास न बसून विचारलं, "कोनशिला आहे का? उद्घाटन कुणाच्या हस्ते?" मी ताठ मानेनं सांगितलं, "माझ्या पत्नीच्या." त्यांनी लगेच सोडलं.

दारात टेम्पो थांबला तेव्हा अख्खी कॉलनी जमली होती. वच्छलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या होत्या. मी सुतळी कापली, आणि एखाद्या पुतळ्याचं अनावरण करावं तसं साल ओढलं. खालच्या दगडावर तपकिरी-काळे डाग होते. थोडेथोडके नव्हते. इथं आफ्रिका, तिथं श्रीलंका, मध्ये एक पालीएवढा, कडेला घडाच्या देठांचे गोल ठसे. तोतारामनाना एवढंच म्हणाले, "आता हळदीची काळजी मिटली."

 प्रमिलेनं दगडावर बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं आणि आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला तिच्या कार्डावरचं अक्षर आठवत होतं. तिनं 'संगमरवर' या शब्दाखाली रेघ मारली होती.

मग उपाय सुरू झाले. वच्छलाबाईंनी रॉकेल चोळलं, घरभर वास सुटला, डाग चकाकले. कुणी ताक सांगितलं. शेवटी तोतारामनाना म्हणाले, "लिंबू नि मीठ. तांब्यापितळेवर काय चालतं? तेच." लिंबं आली. पहिलं लिंबू यजमानाच्या हस्ते पिळावं असं ठरलं, आणि मी ते पिळलंसुद्धा. दगडावर बारीक बारीक बुडबुडे उठले. "निघाला! निघाला!" म्हणून सगळ्यांनी गलका केला आणि चारी बाजूंनी लिंबं पिळायला सुरुवात झाली.

त्या क्षणी मला माझाच आवाज ऐकू आला. मुलांनो, संगमरवरावर आम्ल टाकलं असता फसफसून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. प्रयोगशाळेत संगमरवराचे तुकडे मिळत नसल्यानं प्रयोग कधी दाखवता आला नव्हता, तो आता माझ्या ओट्यावर चालू होता.

"थांबा! थांबा!" मी ओरडलो. "हा कार्बन डायऑक्साइड आहे!"

"असू दे हो मास्तर," वच्छलाबाई म्हणाल्या, "डाग काढतोय ना तो?"

डाग जिथल्या तिथं राहिले. त्यांच्या आजूबाजूचा दगड मात्र खरबरीत झाला, म्हणजे आता आफ्रिका डोळे मिटूनही सापडू लागली. ओटा बांधणारा भिकन मिस्त्री धुळ्याकडचा. त्यानं दगड उलटवून पाहिला, खालची बाजू खडबडीत होती, परत सुलटा केला. "भाऊ, दगड एक नंबर शे. कायजी नका करा. दोन-चार वरीस सयपाक करा, बठ्ठा ओटा पिवया व्हई जाई. मंग हाई डाग कोनले दिसतीन?" सगळा ओटाच पिवळा झाल्यावर डाग दिसणार नाहीत, अशा धीरावर त्यानं ओटा बसवला. उंची त्यानं वच्छलाबाईंच्या खुणेवर धरली होती, हे नंतर कळलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी बाजारातून फुलाफुलांचं मेणकापड आणलं आणि ओट्यावर चारी बाजूंनी घट्ट बसवलं. प्रमिला दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "अक्कापुढं मी कधी काही झाकलं नाही." पण कापड तिनं काढलंही नाही. तिला अक्का यायला हवी होती आणि तिनं येऊ नये असंही वाटत होतं, हे मला दिसत होतं. माझ्या एका वाक्याच्या हौसेनं तिच्या सणाचा विचका झाला होता.

सकाळच्या गाडीनं अक्का नि शालिग्रामराव आले. अक्कांनी पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि जी भीती होती तेच केलं. पदर खोचला. "पमे, पुरण वाटायचं का? आण इकडं."

"अक्का, तू बस."

"बसून काय करू?"

तेवढ्यात शालिग्रामराव स्वयंपाकघरात शिरले. "लीलाधरराव, संगमरवर कुठं आहे? का मेणकापडाचाच ओटा केला?" आणि माझा हात पोचायच्या आत त्यांनी कापड उचललं.

 शालिग्रामरावांच्या ओठांवर हसू येऊ घातलं होतं. मी तोंड उघडलं. धनसिंग, नथ्थू, नाका, साहेब, एवढ्यांवर खापर फोडायची माझी तयारी होती. पण माझ्या आधी प्रमिला बोलली. सरळ अक्काच्या डोळ्याला डोळा भिडवून.

"केळीचा चीक आहे, अक्का. निघत नाही."

अक्का पुढं आल्या. वाकून त्यांनी एका डागाचा वास घेतला. मग त्यावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांच्या धुळ्याच्या मुक्कामाखाली दडलेली यावलची बोली एकदम वर आली.

"पमे! हा तं केयीचाच चीक हाये वो! आबांच्या धोतरावर पाह्य, अस्साच राहे. आई आखाजीले नवं धोतर आने, अन आबा सांजच्यापर्यंत बागात जाऊन त्याच्यावर चीक पाडून आने."

"अन आई म्हने," प्रमिलाही त्याच बोलीत शिरली, "तुमाले धोतर कशाले, चिकाचंच नेसा!"

दोघी हसायला लागल्या. हसता हसता एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या, पुन्हा डाग पाहून हसल्या. शालिग्रामरावांचं हसू मध्येच राहून गेलं. त्यांच्या कडप्प्याला असला डाग पाडायची सोय नव्हती.

मग अक्कांनी खोचलेला पदर सोडला. ओट्याला पाठ लावून जमिनीवरच बसल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "पमे, मले भूक लागली."

साधं वाक्य. पण इतकी वर्षं आम्ही धुळ्याला जात होतो, सगळ्यांची पानं वाढणाऱ्या या बाईच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. प्रमिलेनं डोळे पुसले आणि आमच्या संगमरवरी ओट्याशी जरा वाकून, कारण तो बुटका होता, रसाची वाटी भरली.

त्या चार दिवसांत अक्कांनी काडी इकडची तिकडं केली नाही. जेवल्या, दुपारी पसरून झोपल्या, कॉलनीच्या टोकाच्या निंबाला मी झोका बांधला त्यावर वच्छलाबाईंना घेऊन बसल्या. शालिग्रामरावांना पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यावं लागलं. पापड लाटायला आलेल्या बायकांना प्रमिला ते डाग एकेक करून दाखवत होती आणि मेणकापड खिडकीला पडदा म्हणून गेलं होतं.

निघताना अक्का दारात थांबल्या. मला वाटलं ओट्याबद्दल काही बोलणार. त्या म्हणाल्या, "लीलाधरराव, यंदा आले तशी पुढच्या वर्षी आपली आपण येनार नाही मी. सांगून ठेवते. माहेरवाशिनीले न्यायले मुराळी येतो. मले कोनी आलं नाही आजवर." आणि झटकन रिक्षात जाऊन बसल्या.

पुढच्या आखाजीच्या आधी मी धुळ्याला उतरलो. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात खोबरं नि साखरेचे हार. मुराळ्यानं कसं दिसावं याची मी सावद्याला जाऊन चौकशी करून आलो होतो. अक्कांच्या गल्लीत शेजारची भागाबाई गहू निवडत ओसरीवर बसली होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "सुगंधाबाई, तुमनाकडे कोन उना शे हो?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. अक्का बाहेर आल्या त्या साडी बदलूनच. पिशवी भरून तयार होती. दाराच्या चौकटीला धरून त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या माहेरचं मानूस आलं! मले न्यायले!"

मी टोपी सरळ केली आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणालो, "अक्का, आटपा. गाडी लागलीय."